एकच मनोरा

नातीच्या शाळेतल्या पालकसभेला यंदा मी गेले. मुलगा बंगळूरला, सुनेची ऑफिसात कसलीशी मीटिंग. राहता राहिली आजी, ती रिकामीच. पुण्यातली ही खासगी शाळा, बालवाडीपासून चौथीपर्यंत, माँटेसरी पद्धतीची. सभेला बसायला मुलांच्याच बुटक्या खुर्च्या होत्या. त्यांत बसताना गुडघे कुरकुरले आणि उठताना शेजारच्या तरुण बाईचा खांदा धरावा लागला. डबा, बसची वेळ, पावसाळी बूट, ताप असलेल्या मुलाला पाठवू नका, असे नेहमीचे विषय झाले आणि एक वडील उभे राहिले. सभ्य गृहस्थ. म्हणाले, "ताई, आमचा मुलगा घरी येऊन रडतो. तो लाकडी घनांचा गुलाबी मनोरा वर्गात एकच आहे आणि याचा नंबरच लागत नाही. मी आणखी एक आणून देतो ना. दोन देतो. कुठे मिळतो तेवढं सांगा." बोलण्यात गुर्मी अजिबात नव्हती, मुलाची कळकळ होती. ताई हसल्या. "मनापासून आभार, पण नको. तो एकच असतो." "अहो, पण एवढ्या मुलांत एक?" "हो, एकच." आणि त्या पुढच्या विषयावर, म्हणजे आरोग्य तपासणीच्या तारखेवर गेल्या.

ते "नको" माझ्या डोक्यातून जाईना.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. सगळी नोकरी नगर जिल्ह्यात गेली. शाळेला कुणी काही देतो म्हणाले आणि आम्ही नको म्हटले, असे झाल्याचे मला तरी आठवत नाही. भिंतीवरच्या घड्याळासाठी सरपंचांच्या ओट्यावर ताटकळत बसलोय, पंख्यासाठी साखर कारखान्यात अर्ज दिलेत. पंखा मिळाला तेव्हा त्याच्या पात्यांवर देणाऱ्याच्या वडिलांचे नाव आणि "यांचे स्मरणार्थ" असे रंगवून आले होते. पंखा सुरू झाला की ते वडील छतावर गरगर फिरायचे आणि पहिलीची पोरे खुदखुदायची. देणारा मिळाला की त्याला नारळ, शाल, फळ्यावर सुवाच्य अक्षरात स्वागत. आणि इथे एक माणूस पाकीट काढून उभा आणि शाळा म्हणते, एकच असतो.

एकेकच वस्तू असण्याची सवय तशी आम्हालाही होती. पृथ्वीगोल एक, चुंबक एक, भिंग एक. १९८७ मध्ये सरकारची खडू-फळा मोहीम निघाली आणि पुढे आमच्याही शाळेत सामानाच्या पेट्या येऊन पडल्या. नकाशे, गणिताचे साहित्य, विज्ञानाची पेटी, चक्क खेळणी. पेटी फोडताना सगळी शाळा दारात गोळा झाली होती. नव्या लाकडाचा आणि वॉर्निशचा वास वर्गभर झाला. तो वास मुलांनी घेतला आणि सामान कपाटात गेले. कपाटाला कुलूप. हेडमास्तर काही वाईट नव्हते. डेडस्टॉक रजिस्टरला प्रत्येक वस्तूची नोंद, बदली झाली की चार्ज देताना वस्तू मोजून द्यायची, भिंग फुटले तर निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करायचा, प्रस्ताव वर पाठवायचा आणि वरून शेरा येईपर्यंत जीव टांगणीला. त्यापेक्षा भिंग कपाटात बरे. साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी पृथ्वीगोल टेबलावर दिसायचा. मधल्या सुट्टीत एखादे धीट पोर येऊन त्याला एक टिचकी मारायचे, गोल अर्धा फेरा फिरायचा, आणि कुणीतरी ओरडायचे, "ए, हात नको लावू!" भूगोलाचा तेवढाच स्पर्श आमच्या मुलांच्या वाट्याला आला.

म्हणजे "एकच" तिथेही होते आणि इथेही आहे. तिथले कुलपात होते. इथले मुलाच्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या उघड्या मांडणीवर आहे. हा फरक पैशाचा, असे मी आधी स्वतःला सांगून टाकले होते. सभेतल्या त्या "नको"ने ते उत्तर बिघडवले.

काही दिवसांनी निरीक्षणाची पाळी लागली. पालकांना वर्गात तासभर बसू देतात. बोलायचे नाही, आपल्या मुलाला हाक मारायची नाही, फोन बाहेर ठेवायचा. दाराशी चपलांची सरळ रांग होती, तीही मुलांनीच लावलेली. आत गेल्यावर पहिल्यांदा कान चक्रावले. वर्ग म्हटला की एक आवाज बाईंचा आणि एक सगळ्यांचा, हे कानांना सवयीचे. इथे नुसती गुणगुण होती. स्टीलच्या वाटीत राजमा पडत होता, कुणी खुर्ची उचलून ठेवत होते (ओढत नव्हते, हे विशेष), एक मुलगी स्वतःशीच काहीतरी म्हणत स्पंज पिळत होती. चटया गुंडाळून एका टोपलीत उभ्या ठेवलेल्या. काम काढायचे तर आधी चटई आणायची, अंथरायची, मग मांडणीवरून वस्तू आणायची. अंथरलेली चटई ही त्या मुलाची हद्द. बाकीचे तिच्या कडेने वळसा घालून जातात, तीन वर्षांची सुद्धा. सगळ्याला "काम" म्हणतात. टेबल पुसणे हे काम, बटणे लावणे हे काम, हजारापर्यंत मणी मोजणे हेही काम. एका चिमुरड्याने काकडी कापली, चकत्या ताटलीत मांडल्या आणि वर्गभर फिरून एकेकाला विचारत सुटला, "हवी?" माझ्यापाशी आला तेव्हा बोलायचे नाही हा नियम आठवून मी मान हलवली. चकती जाड होती आणि साल अर्धीच निघाली होती.

पाण्याचे पेले खऱ्या काचेचे. ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला होता आणि व्हायचे तेच झाले. खळ्ळ असा आवाज आला. वर्गात दचकले ते फक्त मी. ताई आल्या, "सगळे जरा लांब" एवढेच म्हणाल्या, काचा त्यांनी स्वतः झाडल्या आणि ज्याच्या हातून पेला पडला त्याने सुपली धरली. "तरी सांगत होते" नाही, "बघ काय केलंस" नाही. पेला फुटतो हे त्या पोराला पेल्यानेच सांगितले होते, आणखी कुणी सांगायची गरज उरली नव्हती. प्लॅस्टिकच्या पेल्याने ते सांगितले नसते.

आणि मग मनोरा दिसला. दहा लाकडी घन. सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा. म्हणजे मोठ्याच्या पोटात धाकटे हजार मावतील. रंग एकच, आकार एकच, फरक फक्त लहान-मोठेपणाचा, तेव्हा डोळ्याला आणि हाताला दुसरे काही बघायला सवडच नाही. एक मुलगी चटईवर तो रचत होती आणि चटईच्या कडेला एक मुलगा हात मागे बांधून उभा होता. रडणारा तो हाच असावा, असे मी मनाशी ठरवून टाकले. इथे मात्र तो रडत नव्हता. तो बघत होता. मुलीने मधलाच एक घन उचलला तर पुटपुटला, "तो नाही, त्याच्या आधीचा." तिने लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने तो गेला, बटणांच्या चौकटीशी खुडबुड केली, दोन बटणे लावली, परत आला. मुलीचे रचून झाले, तिने डोळे भरून पाहिले आणि एकेक घन उचलून मांडणीवर नेऊन ठेवायला लागली. एका वेळी एकच घन न्यायचा अशी रीत आहे. दहा घन, दहा खेपा. शेवटचा पिटुकला घन ठेवेपर्यंत तो थांबला आणि मग त्याच्या दहा खेपा सुरू झाल्या.

मला वाटले होते की आता तो झरझर रचेल. एवढा वेळ पाहिलेय. तर पाचव्यापाशी चुकला. मोठ्याआधी धाकटा बसला, वरचा घन खालच्याच्या बाहेर डोकावायला लागला. ताई दोन हातांवर होत्या, मांडीवर वही, त्यांना ते दिसत होते. माझा हात आपोआप पुढे व्हायला लागला, तो मी काखेत दाबून धरला. पोराने मान वाकडी केली, एक डोळा मिटून पाहिले, बाहेर आलेल्या कडेवरून बोट फिरवले. मग वरचे सगळे उतरवून पुन्हा. चूक दाखवायचे काम तिथे वस्तूनेच करायचे असते. शेजारच्या मांडणीवर लाकडी ठोकळे होते, त्यांतल्या भोकांत मुठीचे दंडगोल बसवायचे. त्यात एक चुकला तर शेवटी एक दंडगोल हातात उरतो आणि त्याला भोक मिळत नाही. लाल शाईची गरजच नाही. आयुष्यभर लाल रिफिली घासलेल्या बाईला हे बघताना काय वाटले असेल ते शिक्षकांनाच कळेल.

डी.एड.ला आम्हाला "माँटेसरी पद्धती: टीप लिहा" असा प्रश्न हमखास यायचा. पाच गुण. स्वयंशिक्षण, ज्ञानेंद्रियांचे शिक्षण, स्वातंत्र्य, शिक्षकाची भूमिका मार्गदर्शकाची. चार मुद्दे, चार ओळी, पाचपैकी साडेतीन कुठे गेले नाहीत. त्या चार ओळींच्या मागे केवढी माणसे होती हे तेव्हा कुणी सांगितले नाही. ही पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरी या इटालियन बाईंचे पहिले बालगृह १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो वस्तीत उघडले, तेही शिक्षणाच्या कळवळ्यापोटी नव्हे. मजुरांसाठी इमारती बांधल्या होत्या. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली पोरे जिने-भिंती खराब करत, म्हणून इमारतवाल्यांना त्यांना एका खोलीत सांभाळणारे कुणीतरी हवे होते. पन्नासेक मुले, गरिबांची. आज पुण्यात या पद्धतीची फी भरताना ज्यांच्या कपाळावर आठी पडते (आमच्या सुनेच्या पडते, पण ती भरते), त्यांना ही हकीकत सांगितली की ते आधी हसतात आणि मग गप्प होतात. आमच्या नगरचाही या कथेत एक बारीकसा धागा आहे. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला शिक्षकांना शिकवायला आल्या आणि पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली. इटालियन म्हणून त्यांच्या मुलाला, मारिओला, इंग्रजांनी नगरच्या छावणीत डांबले. ३१ ऑगस्ट १९४० ला बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा सरकारने वाढदिवसाची भेट म्हणून त्याला सोडले. आम्ही नगरला डी.एड. करत टीप पाठ करत होतो, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हते.

तारा मोडकांचे नाव निदान पाठ होते. भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई. १९३६ ला दादरला शिशुविहार काढला, तो छान चालला, आणि तरी दादर सोडून त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ ला डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ. बोर्डीला मुले शाळेत येईनात तर यांनी वस्तीतल्या अंगणात शाळा मांडली. आज गावोगाव जिला अंगणवाडी म्हणतात तिचे मूळ तिथले. कोसबाडला वारली आदिवासींची मुले गुरांमागे कुरणात जायची, तर शाळा कुरणात गेली. गुलाबी मनोरा तिथे कुठला असायला? शंखशिंपले, खडे, बिया, पाने. लहान-मोठे लावायचे तर शिंपले लावा, रंग ओळखायचे तर पाने आणा. मुलाच्या हाताला काम हवे आणि ते काम त्याने स्वतः उचललेले हवे, एवढे धरून बाकीचे ताराबाईंनी सोडून दिले. मला यात त्यांची हिंमत दिसते. परदेशातून आलेली वस्तू पूजेला लावणे सोपे असते.

नातू याच शाळेत मोठ्या वर्गात आहे. तिथे सहा ते नऊ वर्षांची मुले एकत्र बसतात. पहिली, दुसरी, तिसरी असे तुकडे नाहीत. तिथली शांतता बालवाडीसारखी नसते, भरपूर बडबड असते. सोमवारी मुलगा आठवड्यात काय काय करणार ते वहीत लिहितो आणि शुक्रवारी ताईंबरोबर बसून काय झाले, काय राहिले ते बघतो. घंटा नाही. सकाळचे सलग तीन तास कुणी मोडत नाही. आमच्या तासिका पस्तीस मिनिटांच्या. भाषा रंगात आली की गणिताची घंटा व्हायची. नातवाने एकदा घरी येऊन भागाकार करून दाखवला, मण्यांऐवजी माझ्याकडचे चिंचोके, काड्या, बांगड्या आणि डब्याची झाकणे घेऊन. नऊ हजार सातशे चौसष्ट भागिले चार. चार वाट्या मांडल्या. झाकणे म्हणजे हजार, बांगड्या शंभर, काड्या दहा, चिंचोके सुटे. नऊ झाकणे वाटली, प्रत्येकाला दोन, एक उरले. ते माझ्याकडे, म्हणजे बँकेत दिले आणि दहा बांगड्या मागून घेतल्या. आता सतरा बांगड्या. प्रत्येकाला चार, पुन्हा एक उरली, ती मोडून दहा काड्या, आधीच्या सहा धरून सोळा, चार-चार. चिंचोके एकेक. "एका वाटीत बघ आजी किती आहेत. तेच उत्तर." दोन हजार चारशे एक्केचाळीस. आम्ही फळ्यावर "वरचा अंक खाली उतरवा" म्हणत वर्षानुवर्षे हेच गणित घातले. काय उतरते आणि कशातून उतरते हे त्याच्या बोटांना माहीत होते. मध्येच बँकेतल्या बांगड्या संपल्या तेव्हा मला हातातल्या काढून द्याव्या लागल्या, ते सोडा.

पण आठव्या वर्षी त्याला सातचा पाढा धड येत नाही. सात सक विचारले की बोटे हलायला लागतात.

याबाबतीत मी जुन्या मताची आहे आणि राहणार. संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी आमची सगळी मुले ओट्यावर बसून पाढे म्हणायची. बे एके बे पासून तिसापर्यंत. उन्हे कलंडलेली, वरच्या आळीला गुरे परत येतायत, आणि तो एकसुरी ठेका. ज्याला येत नसे तोही नुसता ठेका धरायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याला यायला लागायचे. कुणी त्याला वेगळे काढून विचारत नसे. त्यात घोकंपट्टी होती हे खरे, पण आनंदही होता, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकलाय. नातवाच्या ताईंना हे सांगितले तर त्या वाद न घालता म्हणाल्या, "तुम्ही येऊन म्हणून घ्याल का? ज्यांना यायचं ती मुलं येऊन बसतील." गेले. आधी चार बसली, पुढच्या खेपेला त्यांतली दोन आणि नवी पाच. एकोणीसच्या पाढ्याला मात्र सगळीच पळाली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटते, मुले मनाला येईल ते करतात. तसे नसते. मांडणीवर काय ठेवायचे हे मोठ्यांनी ठरवलेले असते. वस्तू कशी वापरायची ते ताई आधी एकदा करून दाखवतात, फार थोड्या शब्दांत. बालवाडीत पाहिलेला एक पाठ सांगते: दोन पट्ट्या, एकीवर सुतार वापरतात तसला पॉलिश पेपर. मुलीचे बोट धरून फिरवले, "हे खरखरीत. हे गुळगुळीत." मग, "खरखरीत कुठलं, दाखव." शेवटी नुसती पट्टी पुढे करून, "हे कसं आहे?" संपले. तिसऱ्या प्रश्नाला मूल अडखळले तर रागवायचे नाही, पाठ तिथेच मिटवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. ही रीत सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरची, मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी त्याने बसवलेली. ताईंच्या मांडीवर जी वही असते तिच्यात प्रत्येक मुलाने काय उचलले, काय टाळले, सगळे असते. गणिताच्या मांडणीकडे पंधरा दिवस न फिरकलेल्या मुलाला ताई हळूच हाक मारतात, "मला जरा मणी मोजायला मदत करतोस?" म्हणजे कल मुलाचा, पण त्याची राखण मोठ्यांची. मुले गेल्यावर ताई पेन्सिली टोकतात, फडके धुतात, मण्यांच्या माळा ओवतात, मांडणीवरची काढायची वस्तू काढतात. त्यांचा पगार मी विचारला नाही. अंदाज केला, आणि फीच्या आकड्याशी त्याचे गणित जुळेना. तेवढे चिंचोके माझ्याकडे नव्हते.

अक्षरांच्या बाबतीत मात्र माझी परीक्षाच झाली. नात सुट्टीत गावाला आली तेव्हा पुठ्ठ्याच्या अक्षरांचा खोका घेऊनच आली. व्यंजने वेगळी, काने, वेलांट्या, मात्रा वेगळ्या. लिहिता येण्याआधी अक्षरे जुळवून मनातले मांडायचे. पेन्सिल अजून हातात नीट बसत नाही म्हणून मनातले थांबवून कशाला ठेवायचे, असा विचार. ओसरीवर पालथी पडून तिने मांडले: "आजि चुल पेटवते." शेवटची वेलांटी दुसरी हवी, उकारही दुसरा हवा. शब्दाच्या अंती येणारे दीर्घ लिहावे, हा नियम मी किती पिढ्यांना शिकवला! मी फक्त म्हणाले, "वाचून दाखव." तिने बोट ठेवून वाचले आणि माझ्याकडे बघून हसली. वेलांटी तशीच राहू दिली. जाता-येता मात्र डोळा तिच्यावरच जायचा.

आता त्या "नको"कडे येते. एका मनोऱ्यामुळे थांबावे लागते, थांबताना बघावे लागते, बघताना दुसऱ्याच्या हातातले काम त्याचे म्हणून मानावे लागते. हे सगळे ताई त्या वडिलांना सांगू शकल्या असत्या. सभेत वेळ नव्हता. मला पटले. पटले आणि तरी कुठेतरी टोचत राहिले. माझ्या गावच्या मुलांना थांबायला कुणी शिकवावे लागले नाही. एसटीसाठी, टँकरसाठी, रेशनच्या दुकानाशी, आई रानातून येईपर्यंत, पुस्तके तालुक्याहून येईपर्यंत ती थांबतच मोठी झाली. थांबण्याच्या शेवटी मनोरा नव्हता एवढेच. पुण्यातल्या त्या मुलाच्या घरी मागितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येत असणार, त्यामुळे थांबणे ही गोष्ट त्याला शाळेत मांडून द्यावी लागते, फी घेऊन. त्याचा बाप मोठ्या मनाने द्यायला उठला होता आणि तेवढीच एक गोष्ट त्याला देता येत नव्हती. मला त्याची दया आली. मग आमच्या भिंगाची आठवण झाली आणि दयेचे काय करावे कळेना.

आमच्यानेही काही झाले नाही असे नाही. साताऱ्याकडच्या कुमठे बीटाचे, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचे, नाव गाजत होते तेव्हा राज्यभरचे शिक्षक गाड्या करून तिथले वर्ग बघून आले, आम्हीही गेलो. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला, ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून शिकते, हा विचार) हा शब्द शिपायाच्याही तोंडी बसला. आम्ही फरश्या रंगवल्या, मुलांच्या हाती खडू देऊन फळे खाली आणले, बाटल्यांची बुचे, खडे, चिंचोके गोळा केले, आणि खरेच सांगते, त्या एक-दोन वर्षांत वर्गात जो जीव आला तो मी आधी पाहिला नव्हता. चौथीतली एक पोर, कधी तोंड न उघडणारी, बुचांचे दशक करून दुसरीच्या पोरांना शिकवताना मी दारातून बघितली. मग माहिती भरायच्या लिंका यायला लागल्या. रंगवलेल्या फरशीचे फोटो अपलोड करायचे होते, आणि फोटो चांगला यावा म्हणून फरशीवर बसायला मुलांना मनाई झाली, असेही एका शाळेत झालेले मला माहीत आहे.

निवृत्तीनंतर हाताला काम नाही म्हणून गावच्या अंगणवाडीत जाऊन बसते. दर वेळी पिशवीत काहीतरी असते. जुन्या परकराच्या कापडाच्या बटणांच्या चौकटी शिवल्या, हुकाची एक, नाडीची एक. समुद्राला गेलेल्या भाचीकडून शिंपले मागवले. सेविका कामसू आहे. वजन-उंची, लसीकरणाची यादी, पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर नोंद, शिजवलेल्या आहाराची वाटणी, आणि यातून उरलेल्या वेळात पोरे. "बाई, तुमचं बरोबर आहे, पण हे ठेवू कुठं?" म्हणाली. "खाली ठेवलं तर शेळी येती. परवा तक्ता खाल्ला." खरेच खाल्ला होता, ढ पासून पुढचा कोपरा गायब. शेवटी असे ठरले की भिंतीला लागून पोरांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर दोन फळ्या मारायच्या आणि शेळीचा बंदोबस्त दाराशी करायचा. आपल्या गल्लीतलाच सुतार आहे, माझाच विद्यार्थी, दुसरीत फार मार खाल्लेला. शनिवारी येतो म्हणालाय. पुढे दार नको, पल्ला नको, उघडी फळी हवी, असे त्याला दोनदा बजावलेय. "सरकारी सामान उघडं?" असे त्याने दोन्ही वेळा विचारले. येताना तो कडीकोयंडा घेऊनच येणार, याची मला खात्री आहे.